लाकडी वाढीव खोलीत बाष्परोधक शीट: कोकणात या चुका टाळा

श्रावण संपत आला तसा आमच्या गुहागरकडच्या घरातल्या नव्या खोलीला कुबट वास यायला लागला. जांभ्याच्या जुन्या घराला लागून ही खोली काढली होती. पाइनच्या लाकडाचा सांगाडा, बाहेरून-आतून प्लाय, मध्ये ग्लासवूल (उष्णता अडवणारा काचेच्या तंतूंचा थर) आणि आतल्या प्लायच्या पाठीला ताणून लावलेलं पॉलिथिन, म्हणजे हवेतली वाफ अडवणारी बाष्परोधक शीट. छप्पर गळत नव्हतं, झडीचं पाणीही आत येत नव्हतं. शेवटी आतला प्लाय उतरवला. पॉलिथिनच्या ग्लासवूलकडच्या अंगाला थेंबच थेंब. ते ओघळून सांगाड्याच्या तळाच्या आडव्या लाकडावर साचले होते, आणि त्या लाकडात पेचकस बोटभर सहज आत गेला. दोनच पावसाळे झाले होते.

शीट चांगली होती, सुताराचं कामही चोख होतं. चुकली होती ती बाजू.

थंड देशांतले व्हिडिओ बघून काम केलं की हे हमखास होतं. तिथे घर आतून गरम, बाहेर हिमाची थंडी. आतली वाफ भिंतीत शिरून गारठ्याला पाणी होऊ नये म्हणून ते शीट आतल्या अंगाला लावतात, आणि तिथे ते बरोबरच आहे. आपल्याकडे सगळं उलट. पावसाळ्यात बाहेरची हवा २७ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली, तर २५ अंशांच्या आसपास गार झालेल्या कुठल्याही वस्तूवर त्या हवेतलं पाणी उतरतं. एसी २२ वर लावलेल्या खोलीत आतला प्लाय आणि त्याला चिकटलेलं पॉलिथिन या २५ अंशांहून गार असतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच. तांब्या गळत नसतो, हवेतलं पाणी त्याच्यावर जमतं. आम्ही भिंतीच्या पोटात असा तांब्याच ठेवला होता.

म्हणून शीट लावण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा: या खोलीत एसी रोज चालणार आहे का? चालणार असेल, तर बाष्परोधक थर ग्लासवूलच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे बाहेरच्या प्लायवर लावा, आणि आतली बाजू वाफेला मोकळी ठेवा. एसी लावायचाच नसेल, खिडक्या उघड्या राहणार असतील, तर भिंतीत पॉलिथिन घालूच नका. आत-बाहेर हवा जवळजवळ सारखीच असते, अडवायचं काही नसतं. तिथे पाऊस अडवणारा पण वाफ जाऊ देणारा पडदा पुरतो. ‘असू दे, जास्तीची काळजी’ म्हणून दोन्ही बाजूंना शीट लावणारे भेटतात, त्यांना मी हात जोडून सांगतो, नका करू. मध्ये अडकलेल्या ओलीला मग दोन्हीकडून वाट बंद होते.

चंदेरी फॉइल लावलेलं ग्लासवूल आणलंत तर तोच नियम. फॉइल ही बाष्परोधकच आहे. रोज एसी चालणाऱ्या खोलीत चंदेरी बाजू बाहेर, पिवळी आत. कामगार सवयीने चकचकीत बाजू आपल्याकडे करतात, तेव्हा पहिला पट्टा लागताना तिथे उभे राहा.

आता न दिसणारी चूक. शीट बाहेर बरोबर लावली, पण दोन वर्षांनी आतून पीव्हीसी पॅनेल बसवली, सनमायका चिकटवला किंवा प्लॅस्टिकचा वॉलपेपर लावला. झालं, आतही बाष्परोधक थर आला, फक्त त्याला कोणी ते नाव दिलेलं नाही. आपल्याकडे ओल दिसली की ती झाकायला पीव्हीसी पॅनेल मारायची पद्धतच पडली आहे. पॅनेलमागे बुरशी सुखाने वाढते. आतून जिप्सम बोर्ड किंवा प्लाय, त्यावर वाफ जाऊ देणारा पाण्यात मिसळायचा साधा रंग, इतकंच ठेवा.

बाहेरच्या फळ्या थेट शीटवर ठोकू नका. श्रावणात सर येते, लगेच कडक ऊन पडतं. भिजलेली फळी तापली की तिच्यातलं पाणी वाफ होऊन आत ढकललं जातं. फळी आणि शीट यांच्यामध्ये उभ्या रिपा मारून २०-२५ मिलिमीटरची पोकळी सोडा. ती खाली-वर उघडी हवी, तोंडाला बारीक जाळी लावा म्हणजे किडे आणि पाली शिरणार नाहीत. वळचण जितकी पुढे काढता येईल तितकी काढा. जुन्या घरांची पाखं एवढी खाली का उतरवलेली असायची, ते पहिल्या झडीत कळतं.

शीट २५० मायक्रॉनची घ्या. दुकानात १००० गेज म्हणून मागितलीत तरी चालेल, माल तोच. जोडावर निदान सहा इंच एकावर एक, आणि तो जोड उभ्या लाकडावरच येऊ द्या. खाकी टेप आपल्या दमट हवेत पहिल्याच पावसाळ्यात सुटते, त्यामुळे रबरासारखी चिकट ब्युटाइल टेप वापरा. स्टेपलरच्या साध्या पिना खाऱ्या वाऱ्याने गंजतात आणि प्रत्येक पिनेजवळ भोक पडतं. समुद्राच्या जवळ ३१६ ग्रेडचं स्टेनलेस महाग वाटलं तरी तेच घ्या. स्विचबोर्डाचे डबे, वायरींची भोकं, एसीच्या नळीचं भोक हे सगळं सील करा. सलग शीटमधून पाझरते त्याच्या कितीतरी पट वाफ अशा भोकांतून हवेबरोबर आत येते. एसीच्या नळीच्या भोकाला उतार बाहेरच्या बाजूला हवा.

जुन्या जांभ्याला नवा सांगाडा जिथे भिडतो, तो सांधा जपा. जांभा पाणी पितो. चिऱ्याला लाकूड थेट टेकवलंत तर ओल लाकडात चढणारच. मध्ये ओल अडवणारी पट्टी घाला, तशीच जोत्यावर, तळाच्या लाकडाखालीही. लाकडी जमीन असेल तर मातीवर पॉलिथिन अंथरायलाच हवं. ते एसी असो वा नसो. वाळवीची फवारणी त्याआधी.

छपराला नियम तोच: कौलांखाली फॉल्स सीलिंग आणि खाली एसी असेल, तर शीट ग्लासवूलच्या वर.

घाईची चूक मे महिन्यात होते. मृग जवळ आला म्हणून ओलं लाकूड भिंतीत कोंडतात. लाकडातली ओल २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिली की बुरशीला आयतं घर मिळतं. लाकडातली ओल मोजणारा दोन टोकांचा मीटर आणा, १५ च्या खाली आकडा आल्याशिवाय प्लाय मारू नका.

वास यायला लागलाच असेल तर आधी ओल कुठून येते ते शोधा. जुन्या जांभ्याच्या भिंतीवर दोन फुटी प्लॅस्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दिवसभर ठेवा. थेंब प्लॅस्टिकच्या मागे आले तर ओल भिंतीतून येते, पुढे आले तर हवेतून. हवेतली असेल तर एसी दोन-तीन अंशांनी वर घ्या आणि भोकं बुजवा. भिंतीतली असेल तर सांधा उघडावाच लागेल, पण तो भर पावसात उघडू नका, दिवाळीनंतरचं कोरडं ऊन लागू द्या.

आमची दुरुस्तीही आम्ही दिवाळीनंतरच केली. तळाचं लाकूड बदलून ऐनाचं घातलं, शीट बाहेर नेली. त्या लाकडापाशी आतल्या प्लायला वीतभर झाकण ठेवलं आहे. दर नारळी पौर्णिमेच्या सुमाराला ते काढून मीटरची टोकं लाकडात खुपसतो.