घरातल्या वृद्धांच्या आयुष्याला सन-तारखा कशा लावाव्यात

सातारा-सांगलीकडच्या नव्वदी ओलांडलेल्या आजी-आजोबांचा जीवनपट लिहायला घेतला की पहिली अडचण जन्मतारखेची येते. शाळेच्या दाखल्यावर 1 जून असेल, तर ती तारीख मुलाची नव्हे, गुरुजींच्या सोयीची समजावी. हात डोक्यावरून कानाला पोहोचतो का, एवढे पाहून तेव्हा मुलाचे नाव पटावर चढत असे. खरी नोंद तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे लोकांच्या तोंडच्या कोतवाल बुकात, सापडू शकते. जुनी पाने मोडी लिपीत असतात आणि बाळाचे नाव पुष्कळदा नसतेच, म्हणून भावंडांचा क्रम आधी विचारून जावे.

पुढे मात्र सन विचारूच नये. कोयनेचा भूकंप झाला तेव्हा धाकटी पाळण्यात होती की चालत होती, असे विचारावे. 11 डिसेंबर 1967 च्या त्या पहाटे या भागातली माणसे थंडीत घराबाहेर धावली होती, त्यामुळे कोण कुणाच्या कडेवर होते हे नेमके आठवते. तिथून मागे सरकावे: लग्नाचा आहेर आण्यांत मोजला की नव्या पैशांत? नवे पैसे 1 एप्रिल 1957 ला आले. जुन्या पत्रावर ‘दक्षिण सातारा’ असेल, तर ते 1949 ते 1960 मधले, कारण त्यानंतर त्याच जिल्ह्याचे नाव सांगली झाले.

जगाच्या इतिहासातले घराच्या उंबऱ्यापर्यंत आले तेवढेच घ्यावे. 1943 मध्ये इकडे नाना पाटलांचे पत्री सरकार चालू होते आणि त्याच वर्षी मराठा पलटणी इटलीत ब्रिटिशांच्या बाजूने लढायला उतरल्या. एकाच घरातला एक भाऊ पलटणीत आणि दुसरा भूमिगतांना भाकरी पोहोचवणारा असेल, तर त्या दोघांसाठी दोन पाने ठेवावीत, एकाच्या पुण्याईत दुसऱ्याला झाकू नये. 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारताना खडी फोडण्याची मजुरी आणि रेशनवरची लाल मिलो ज्वारी यांपासून सुरुवात करावी. चंद्रावर माणूस उतरल्याची बातमी घरात पोहोचलीच नसेल, तर ती वगळावी.

1948 पाशी घाई नको. गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत ज्यांची घरे गेली ते आणि ज्यांनी ती जळताना पाहिली ते, दोघेही पुष्कळदा त्या वर्षावरून उडी मारून पुढे जातात. नातवंडांसमोर तो विषय काढू नये, आणि उडी मारली तर तेवढे पान कोरे सोडावे.

सारे लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवावे. सन पेन्सिलीने लिहिलेले असावेत, कारण ‘तेव्हा सासूबाई होत्या की गं’ या एका वाक्याने तीन-तीन वर्षे सरकतात.