रविवारी टाकीत माणूस उतरवण्याआधी

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेच्या कारखान्यांत मी 31 वर्षं काढली. आधी हेल्पर, मग ऑपरेटर, शेवटची 14 वर्षं ईटीपीचा, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटचा, शिफ्ट इन्चार्ज. वायू लागून माणसं पडल्याचे जेवढे प्रसंग मी पाहिले किंवा शेजारच्या गेटवरून ऐकले, त्यांतले बरेचसे प्लांट बंद असताना घडलेले. इतर दिवशी ऑपरेटर जागेवर असतो, त्याचं लक्ष गेजवर असतं. रविवारी मॅनेजर घरी, स्टोअरला कुलूप, आणि ठेकेदाराची चार पोरं टाकी साफ करायला आलेली. आत काय आहे हे त्यांना माहीत नसतं, ज्याला माहीत असतं तो सुट्टीवर. म्हणून हे त्या रविवारच्या माणसासाठी: छोट्या युनिटचा सुपरवायझर, मुकादम किंवा फिटर, ज्याच्याकडे त्या दिवशी चावी असते.

मी ईटीपीला नवा होतो तेव्हाची गोष्ट. साडेतीन मीटर खोल हौदातला गाळ काढायचा होता. झाकण सरकवलं तसा सडक्या अंड्यांचा भपकारा आला. आम्ही तिथेच कडेला बादल्या, दोर लावत बसलो. पाच-दहा मिनिटांनी एक पोरगा म्हणाला, "साहेब, वास गेला." मलाही बरं वाटलं. वास गेला नव्हता, आमची नाकं गेली होती. पोरगा शिडीवरून उतरला, चौथ्या-पाचव्या पायरीवर हात सुटला. दुसरा त्याला धरायला गेला, तोही तिथेच बसल्यासारखा झाला. तिसऱ्याचा शर्ट मी मागून धरला. बटणं तुटली, पण तो वर राहिला. पहिला पोरगा गेला. दुसरा वाचला.

तो वायू हायड्रोजन सल्फाइड. कामाच्या जागी आठ तासांची मर्यादा 10 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग. 100 पीपीएमच्या आसपास नाक काही मिनिटांत बधिर होतं आणि हजाराजवळ एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. सांडपाण्याचा गाळ कुजला की तो आपोआप तयार होतो. पाण्यात सल्फाइड असताना कोणी पीएच उतरवायला ॲसिड सोडलं, तर एकदम सुटतो. अंधेरी-कुर्ल्याच्या गाळ्यांत प्लेटिंग करणाऱ्यांच्या बाबतीत हाच खेळ सायनाइडशी होतो: सायनाइडचं धुवण आणि ॲसिडचं धुवण एका गटारात आलं की हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू. दोन्ही ड्रम वेगळ्या खोल्यांत ठेवून उपयोग नाही, खालची मोरी एकच असेल तर. ती मोरी कुठे जाते ते पाणी ओतून स्वतः बघा. आमच्याकडे नकाशावर दोन लाइनी होत्या, भिंतीपलीकडे त्या एका चेंबरमध्ये मिळत होत्या.

शनिवारी संध्याकाळी

रविवारचं काम शनिवारीच सुरू होतं. ज्या ऑपरेटरनं टाकी रिकामी केली त्याला घरी जाण्याआधी गाठा. शेवटचा माल कोणता होता, कशानं धुतली आणि टाकीला किती पाइप येतात, एवढं त्याच्याकडून लिहून घ्या. सहीसकट. नुसता व्हॉल्व्ह बंद करणं म्हणजे बंद करणं नव्हे, व्हॉल्व्ह पासिंग असतात, म्हणजे बंद असूनही आतून गळतात. फ्लँज, म्हणजे पाइपचा बोल्टचा जोड, सोडून मध्ये ब्लाइंड प्लेट, म्हणजे भोक नसलेली पत्र्याची चकती, टाका, नाहीतर पाइपचा तुकडाच काढून ठेवा. ढवळणीची मोटर पॅनेलवरून बंद करून कुलूप लावा आणि किल्ली आत उतरणाऱ्याच्या खिशात द्या. मालकाच्या ड्रॉवरमध्ये नको.

ठेकेदाराच्या पोरांपुढे कागद वाचण्यात अर्थ नसतो. निम्मी पोरं बिहार-झारखंडची असतात, मराठी पाटी त्यांच्या कामाची नाही. मी त्यांना टाकीपाशी नेऊन हिंदीत एकच गोष्ट सांगायचो आणि त्यांच्याकडून परत वदवून घ्यायचो: साथीदार पडला तर आत जायचं नाही, बोंब मारायची. हे त्यांना पटत नाही. पटेपर्यंत काम सुरू करायचं नाही.

मीटर

चार वायू (ऑक्सिजन, पेटणारा वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड) दाखवणारा मीटर नसेल तर भाड्यानं आणा. तोही मिळत नसेल तर टाकी पुढच्या रविवारपर्यंत राहू द्या, गाळ कुठे पळून जात नाही. मीटर आधी मोकळ्या हवेत चालू करा. ऑक्सिजन 20.9 टक्के दिसला पाहिजे. मग सोबतच्या छोट्या कॅनमधला टेस्ट गॅस देऊन अलार्म वाजतो का बघा. सेन्सर मेलेला मीटरही शून्यच दाखवतो.

मीटरला पंप आणि लांब नळी असते. नळीवर मी दर मीटरला रंगीत दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. आधी तोंडाशी, मग मध्यावर, मग तळापासून वीतभर वर. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, कारण नळीतून हवा वर यायला वेळ लागतो. घाईत सगळे आकडे वरच्याच हवेचे येतात. मग, आणि हे बहुतेक जण करत नाहीत, लांब बांबूनं वरूनच गाळ ढवळायचा आणि पुन्हा तळाचा आकडा घ्यायचा. एकदा आमच्याकडे हायड्रोजन सल्फाइडचा आकडा ढवळण्याआधी 6 पीपीएम होता, ढवळल्यावर 140 च्या पुढे गेला. गाळात वायू कोंडून बसलेला असतो, आत उतरलेला माणूस फावडं मारतो तेव्हा सुटतो.

ऑक्सिजन 19.5 टक्क्यांच्या खाली, हायड्रोजन सल्फाइड 10 पीपीएमच्या वर किंवा पेट घेण्याचा आकडा (मीटरवर एलईएल, म्हणजे हवा पेटायला लागते त्या पातळीचा किती हिस्सा) 10 टक्क्यांच्या वर असेल, तर उतरायचं नाही. ब्लोअर लावा. त्याचा डक्ट तळापर्यंत सोडा, तोंडाशी लोंबकळत ठेवू नका. ब्लोअर हवा कुठून ओढतो तेही बघा. एके ठिकाणी तो जनरेटरच्या धुराड्याशेजारी मांडलेला मी पाहिला. डिझेलचा पंप हौदात उतरवायचा नाही. आणि हवा ताजी करायला ऑक्सिजनचा सिलिंडर सोडायची अक्कल काही वेल्डर पाजळतात. त्यानं कपडे, तेल, सगळं काडीसारखं पेटतं. काम चालू असताना मीटर आत उतरलेल्याच्या छातीला अडकवून ठेवायचा.

दोर

जुन्या फॅक्टरी ॲक्टचं कलम 36 मला तोंडपाठ आहे. सक्षम माणसानं स्वतः तपासून लेखी दाखला दिल्याशिवाय कोणी टाकीत शिरायचं नाही. नाहीतर आत जाणाऱ्याला श्वासाचं साधन हवं, कमरेला पट्टा हवा आणि पट्ट्याच्या दोराचं दुसरं टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात हवं. हातात म्हणजे हातात. मी मात्र दाखला असला तरी दोर सोडत नाही. कमरपट्ट्याऐवजी पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, त्याची कडी पाठीवर खांद्यांच्या मध्ये असते. कमरेनं ओढलेला बेशुद्ध माणूस दुमडतो आणि मॅनहोलमध्ये अडकतो. मॅनहोलवर तिपाई, म्हणजे तीन पायांचा उंच स्टँड, आणि हँडल फिरवून दोर ओढणारा विंच लावा, कारण 70 किलोचा माणूस दोघांनाही नुसत्या हातानं सरळ वर ओढता येत नाही. बाहेरच्या माणसाला दुसरं काम सांगायचं नाही, पाना आणायलासुद्धा पाठवायचं नाही. आतला दिवा 24 व्होल्टचा; हेही त्याच कायद्यात आहे.

मास्कबद्दल थोडक्यात, कारण यावर सगळ्यात जास्त भाबडेपणा चालतो. रुमाल आणि धुळीचा मास्क वायू अडवत नाहीत. कार्ट्रिजचा, म्हणजे गाळणीची डबी लावलेला, मास्क ठरावीक वायू ठरावीक वेळच अडवतो, ऑक्सिजन तयार करत नाही, म्हणून टाकीत तो चालतच नाही. तिथे बाहेरून नळीनं हवा देणारा किंवा पाठीवर सिलिंडर असलेला सेटच लागतो. उघड्यावर द्रावक, म्हणजे थिनरसारखं सॉल्व्हंट, ओतताना कार्ट्रिज ठीक, पण बाजारात रंगांच्या दोन पद्धती आहेत: द्रावकांच्या वाफेसाठी युरोपीय कार्ट्रिज तपकिरी, अमेरिकी काळं. युरोपीय पिवळं आणि अमेरिकी पिवळं यांचं कामही एक नाही. रंगावर न जाता वरचं वाचा. आणि दोन दिवसांची दाढी असेल तर मास्क बसत नाही.

पडलाच तर

दोर ओढायचा, कोणी उतरायचं नाही. 101 आणि 108 ला फोन करताना रसायनाचं नाव पहिल्या वाक्यात सांगा. बाहेर काढलेल्याला वाऱ्याच्या वरच्या बाजूला न्या. कपडे भिजले असतील तर हातमोजे घालून कापून काढा आणि अंगावर भरपूर पाणी, निदान 15 मिनिटं. ॲनिलीन, फिनॉल यांसारखी रसायनं कातडीतून आत जातात, तिथे कपडे काढायला लाजणं महागात पडतं. सायनाइड किंवा हायड्रोजन सल्फाइड असेल तर तोंडाला तोंड लावून श्वास द्यायचा नाही. बॅग-मास्क, म्हणजे हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी, ठेवा, वापरायला शिका.

हॉस्पिटलात माणसाबरोबर रसायनाचं माहितीपत्रक गेलं पाहिजे. आमच्या गेटवर सगळ्या रसायनांच्या पत्रकांची फाइल सिक्युरिटीच्या टेबलाला साखळीनं बांधलेली होती. जवळच्या कुठल्या हॉस्पिटलात सायनाइडचा उतारा आहे, हे आधीच जाऊन विचारून या. सगळीकडे नसतो.

नायट्रिक ॲसिडात पितळ बुडवताना निघणाऱ्या तांबूस धुराचं वेगळं आहे. माणूस थोडा खोकतो, "काही नाही साहेब" म्हणतो, जेवतो, घरी जातो. फुफ्फुसात पाणी भरायला लागतं ते कित्येक तासांनी, कधी रात्री झोपेत. फॉस्जीन या विषारी वायूचंही तसंच. असा धूर घेतलेल्याला बरं वाटत असलं तरी रात्रभर हॉस्पिटलात निगराणीखाली ठेवा, जिने चढू देऊ नका. सुट्टी मागून तो रडेल, मुकादम हजेरीवरून कटकट करेल. करू दे.

शेवटी सराव. महिन्यातून एकदा आम्ही 60 किलो वाळूची गोणी हार्नेसमध्ये घालून हौदात सोडायचो आणि अचानक शिट्टी मारायचो. पहिल्या वेळी गोणी वर यायला 11 मिनिटं लागली. विंचचं हँडल स्टोअरमध्ये होतं आणि स्टोअरला कुलूप. मी निवृत्त झालो तेव्हा तीन मिनिटांवर आलो होतो. हँडल आता तिपाईलाच तारेनं बांधलेलं असतं.