मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक करताय? या चुका टाळा

बी.एड.च्या प्रात्यक्षिकातली सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे निष्कर्ष आधी ठरवून मग मूल शोधणं. 'न्यूनगंड असलेला विद्यार्थी' असं व्यक्ती अभ्यासाचं, म्हणजे एकाच मुलाच्या बारकाईने केलेल्या अभ्यासाचं, शीर्षक पहिल्याच दिवशी जर्नलवर लिहिलं, की पुढच्या सगळ्या नोंदी त्याच्यामागे फरफटत जातात.

त्यापेक्षा पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त जे दिसलं, ऐकू आलं ते. उजवीकडे त्याचा अर्थ, आणि तो काही दिवस थांबून. 'आळशी आहे, लक्ष नसतं' हे डावीकडे चालणार नाही. 'फळ्यावरचं उतरवताना सारखी शेजारणीच्या वहीत पाहते. तोंडी उत्तरं बरोबर देते' हे चालेल. आता हीच नोंद नीट वाचा. कदाचित तिला फळ्यावरचं दिसतच नसेल! वर्गशिक्षकांना सांगून तिला पुढच्या बाकावर बसवा आणि काय बदलतं ते पुन्हा टिपा. मानसशास्त्र वापरणं म्हणतात ते हेच.

'डिस्लेक्सिया' (वाचन-लेखनातली अडचण) वगैरे निदान स्वतः लिहूच नका. ते तपासणाऱ्या तज्ज्ञांचं काम आहे.

भांडं बदललं तरी पाणी तेवढंच राहतं हे मुलाला कळतं का, हे पाहणारा मानसशास्त्रज्ञ पियाजेचा पाण्याचा प्रयोग बहुतेक जण करतात आणि तिथे प्रश्न विचारण्यात गडबड होते. दोन सारख्या पेल्यांत सारखं पाणी दाखवून 'सारखं आहे का?' विचारायचं, मग एकातलं पाणी उंच, अरुंद पेल्यात ओतून पुन्हा तेच. आपल्या वर्गात बाईंनी प्रश्न पुन्हा विचारला म्हणजे पहिलं उत्तर चुकलं, हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे ती उत्तर बदलतात. १९७४ मध्ये रोझ आणि ब्लँक यांनी वस्तूंच्या रांगा वापरून असाच प्रयोग केला. मांडणी बदलण्याआधीचा प्रश्न गाळून तो एकदाच, शेवटी विचारला, तेव्हा सहा वर्षांच्या मुलांच्या चुका कमी झाल्या. म्हणून काही मुलांना एकदाच विचारून पाहा. 'तुला असं का वाटलं?' हे विसरू नका आणि उत्तर मुलाच्याच शब्दांत उतरवा. उत्तर आल्यावर 'शाब्बास' म्हणू नका, नाहीतर मागे उभी असलेली मुलं तेच उत्तर देतील.

समाजमितीत, म्हणजे वर्गात कोणाचं कोणाशी जमतं ते टिपताना, 'तुला कोण आवडत नाही?' हा प्रश्न नकोच. सुट्टीत त्याचीच चर्चा होते आणि एकटं पडलेलं मूल आणखी एकटं पडतं. 'प्रकल्पाला कोणाबरोबर बसशील?' एवढं पुरे, आणि मग खरोखरच त्या उत्तरांवरून गट पाडा. ही पद्धत रुजवणाऱ्या मोरेनोचा आग्रहच तो होता. कोणी कोणाला निवडलं त्याचा आलेख भिंतीवर लावू नका. जर्नलमध्ये नावाऐवजी सांकेतिक क्रमांक घाला.

आणि बोलता बोलता एखाद्या मुलाने घरच्या किंवा बाहेरच्या अत्याचाराबद्दल सांगितलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द देऊ नका. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि मार्गदर्शक प्राध्यापकांना कळवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी छात्राध्यापकावरही येते. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे.