ड्यूक एलिंग्टन ऐकायला सुरुवात कुठून करायची

होतं काय, की कुणीतरी सांगतं जॅझमधले बिग बँड ऐकायचे तर ड्यूक एलिंग्टन ऐक, मग आपण नाव टाकून सर्च मारतो, समोर ढिगाने अल्बम येतात, एकच ट्यून पाच-सहा वेगवेगळ्या वर्षांची, त्यातलं कुठलंतरी खरखरीत रेकॉर्डिंग लागतं आणि दोन मिनिटांत "जुनं आहे रे, आपल्याला नाही जमणार" म्हणून बंद. माणसाने जवळजवळ पन्नास वर्षं बँड चालवलाय, १९२० च्या दशकापासून थेट १९७४ ला जाईपर्यंत, त्यामुळे पहिल्या रेकॉर्डपासून ओळीने ऐकत सुटलात तर नक्की कंटाळाल. मी सांगतो तो क्रम उलटसुलट आहे पण चालतो.

आधी एक गोष्ट. ड्यूक पियानोवर बसायचा, पण खरा ऐकू येतो तो त्याच्या माणसांच्या वाजवण्यात. बाकीचे अरेंजर, म्हणजे कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते लिहिणारे, "सेकंड ट्रम्पेट" साठी लिहायचे, हा त्या खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी लिहायचा, वाजवणाऱ्यासमोरच्या कागदावर वाद्याऐवजी बऱ्याचदा वाजवणाऱ्याचं नावच असायचं. शिंप्याने माप घेऊन शिवावं तसं. म्हणून प्रत्येक रेकॉर्ड लावायच्या आधी कोण वाजवतंय ते बघा, नावं कळली की निम्मं काम झालं.

सुरुवात करा १९४० पासून. पहिलं लावा 'कन्सर्टो फॉर कूटी'. सव्वातीन मिनिटांचं आहे, कारण ७८ आरपीएमच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर जेमतेम तेवढंच मावायचं, आणि त्या मापात बसवण्यात या माणसाचा हात धरणारं कुणी नाही. कूटी विल्यम्स ट्रम्पेटवर. आधी नुसतं ऐका, मग दुसऱ्यांदा फक्त ट्रम्पेटच्या आवाजाकडे लक्ष द्या. सुरुवातीला तो दाबलेला, नाकात बोलल्यासारखा, मग मधेच गुरगुरतो, मग एका ठिकाणी म्यूट, म्हणजे आवाज दाबायला तोंडाशी लावलेलं झाकण, बाजूला होतो आणि आवाज एकदम मोकळा, पुन्हा शेवटाकडे बंद. वाजवणारा तोच, वाद्य तेच. हे करतात कशाने माहितीय का, सिंक तुंबलं की आपण जो रबरी पंप वापरतो ना, त्याची दांडी काढून नुसता रबरी कप ट्रम्पेटच्या तोंडावर उघडझाप करायचा, गुरगुर घशातून काढायची. अमेरिकेत हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी वस्तू ती, आणि त्यातून वा-वा असा अगदी माणसाचा आवाज निघतो.

त्यानंतर त्याच वर्षीचं 'जॅक द बेअर'. हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका प्लीज, साधे इअरफोन लावले तरी चालेल, पण बास ऐकू आला पाहिजे. जिमी ब्लँटन, विशीतलं पोरगं, तोपर्यंत बास म्हणजे मागे ठोके धरणारं वाद्य, याने त्यावर सरळ सोलो वाजवले. टीबीने १९४२ मधे गेला, वय २३. बँडमधे होता जेमतेम दोन वर्षं आणि नंतरच्या बासवाल्यांसाठी रस्ता करून गेला.

आता 'टेक द ए ट्रेन', १९४१. सगळ्यांना वाटतं ड्यूकची चाल, पण ती बिली स्ट्रेहॉर्नची, ड्यूकच्या बँडसाठी चाली लिहिणारा त्याचा जोडीदार. आणि ती बँडची ओळख बनली ती एका भांडणामुळे: रेडिओवाले आणि गाणी लिहिणाऱ्यांची संघटना यांच्यात पैशावरून फाटलं, ड्यूक त्या संघटनेचा मेंबर, म्हणजे त्याच्याच चाली रेडिओवर वाजवता येईनात, मग स्ट्रेहॉर्न जो मेंबर नव्हता त्याच्या चाली पुढे आल्या. ए ट्रेन म्हणजे न्यूयॉर्कच्या सबवेची हार्लेमकडे, तिथल्या काळ्या लोकांच्या वस्तीकडे जाणारी गाडी. यातला ट्रम्पेट सोलो रे नान्सचा, तो तोंडपाठ होईपर्यंत ऐका, नंतरच्या कितीतरी रेकॉर्डिंगमधे तोच सोलो जवळपास तसाच येतो.

हे तीन पचले की मगच मागे जा. १९२७ च्या डिसेंबरात बँड हार्लेमच्या कॉटन क्लब या नाइटक्लबमधे लागला. वाजवणारे काळे, नाचणारे काळे, आणि गिऱ्हाईक म्हणून काळ्या माणसाला प्रवेश नाही, हा सगळा प्रकार. पण तिथून रेडिओ ब्रॉडकास्ट व्हायचं, त्यामुळे नाव देशभर झालं. या काळातलं एकच आत्ता ऐका, 'मूड इंडिगो', १९३० चं. तीन वाद्यं एकत्र सुरुवात करतात: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट. साधारणपणे क्लॅरिनेट सगळ्यात वर, ट्रॉम्बोन सगळ्यात खाली. इथे क्लॅरिनेट तळाला, खर्जात, आणि म्यूट लावलेला ट्रॉम्बोन वर चढून ट्रम्पेटला खेटून. मिळून जो आवाज येतो तो नक्की कशाचा तेच आधी कळत नाही. खरखर आहे, पण हे ऐकताना तिची आठवण राहत नाही.

मधला काळ मी घाईत उरकतो. युद्धानंतर बिग बँड परवडेनासे झाले, काउंट बेसीसारख्या नावाजलेल्या बँडलीडरला १९५० मधे बँड मोडून छोटा ग्रुप करावा लागला, ड्यूकने मात्र आपल्या गाण्यांच्या रॉयल्टीचे पैसे ओतून बँड चालू ठेवला. १९५१ मधे जॉनी हॉजेससारखा अल्टो सॅक्सवाला सोडून गेला, १९५५ ला परत आला. लोक म्हणायला लागले होते की ड्यूक संपला.

मग ७ जुलै १९५६, अमेरिकेतला न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव. इथे मात्र रेकॉर्ड बघून घ्या, कारण १९५६ च्या एलपीत बराचसा भाग नंतर स्टुडिओत परत वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या आहेत. १९९९ मधे निघालेला दोन सीडींचा पूर्ण सेट शोधा. त्यात 'डिमिन्युएंडो अँड क्रेसेंडो इन ब्लू' लावा, मधे पॉल गोन्साल्विस टेनर सॅक्सवर उभा राहतो आणि एका दमात २७ आवर्तनं वाजवतो. (आडनाव बघून गोव्याचा समजू नका, आईवडील केप व्हर्देचे.) आवर्तन १२ बारचं, बार चार मात्रांचा, बोटांवर मोजा, सहाव्या-सातव्या आवर्तनानंतर मागून लोकांचा आरडाओरडा वाढत जातो तो स्पष्ट ऐकू येतो. जुन्या एलपीत त्याचा सॅक्स लांबून आल्यासारखा वाटतो, कारण गडी चुकीच्या माइकसमोर वाजवत होता, रेकॉर्ड कंपनीचा सोडून व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकन सरकारी रेडिओच्या. नंतर ती रेडिओची टेप सापडली आणि दोन्ही जोडून स्टिरिओ केलं. त्या रात्रीनंतर ड्यूक टाइम मासिकाच्या कव्हरवर.

शेवटी 'फार ईस्ट सूट' (सूट म्हणजे एका सूत्रात ओवलेल्या रचनांची माळ), आणि हा आपल्या जवळचा. १९६३ मधे अमेरिकन सरकारने बँडला पश्चिम आशिया आणि इकडे दौऱ्यावर पाठवलं, दिल्लीत ड्यूक आजारी पडून हॉस्पिटलात, पुढे मुंबईतही कार्यक्रम झाले, आणि तुर्कस्तानात असताना केनेडींचा खून झाला म्हणून दौरा तिथेच थांबला. रेकॉर्डिंग डिसेंबर १९६६ चं. यात तबला-सतार शोधू नका, ते ड्यूकने टाळलंय आणि बरंच केलं. 'ब्लूबर्ड ऑफ दिल्ली' मधे क्लॅरिनेट जी छोटी चाल पुन्हापुन्हा वाजवते ती स्ट्रेहॉर्नच्या खोलीबाहेर शीळ घालणारी मैना. 'आग्रा' म्हणजे ताजमहाल, आणि तो दिलाय हॅरी कार्नीच्या बॅरिटोन सॅक्सला, म्हणजे संगमरवरासाठी बँडमधला सगळ्यात जाड आवाज. आणि 'इस्फहान', हॉजेसचा अल्टो, खरंतर ही चाल दौऱ्याच्या आधीच तयार होती, नाव नंतर चिकटलं. हे ऐकून झालं की कार्नीला धरून परत 'मूड इंडिगो'च्या काळाकडे जा, तो १९२७ पासून शेवटपर्यंत याच बँडमधे होता.

चर्चमधले सेक्रेड कॉन्सर्ट आणि 'ब्लॅक, ब्राउन अँड बेज' सारख्या मोठ्या रचना आत्ता बाजूला ठेवा, दोनेक महिन्यांनी बघू.