खाचेत गडप झालेली मांडवी

बडोद्यावरच्या फोटोबुकच्या डमीत, म्हणजे नमुना प्रतीत, समोरासमोरच्या दोन पानांवर (जोडपानावर) पसरलेली मांडवी, जुन्या शहरातली ती वेस, नेमकी दोन पानांमधल्या खाचेत गेली. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पानं कण्याला नुसत्या गोंदाने चिकटवलेली, आणि १७० जीएसएमचा (दर चौरस मीटरला १७० ग्रॅम) जाड कागद. पान सपाट उघडेचना. दाबलं की गोंद तडकतो.

खरा दोष ग्रेनचा होता. कागदाची ज्या दिशेने घडी सहज पडते तो ग्रेन, आणि तो कण्याला समांतरच हवा. इथे आडवा होता.

मग १३० जीएसएम, १६ पानी फर्मे (घडी घातलेल्या कागदाचे पानांचे संच), दोऱ्याची शिवण. मांडवी डाव्या पानावर, खाचेपासून १५ मिमी दूर. मध्ये नुसता रस्ता. ब्लीड, म्हणजे कापणीसाठी पानाच्या कडेबाहेर वाढवलेलं चित्र, ३ मिमी.

फर्म्याचं मधलं जोडपान, म्हणजे ८-९, एकाच अखंड कागदावर छापलं जातं. सर्वांत जीव असलेला फोटो तिथेच ठेवावा. तिथे बाजाराचा फोटो ठेवला, म्हणून सूरसागर तलाव त्याच्या आधी घेतला; तळ्याच्या शांततेनंतर बाजाराची गर्दी जास्त भिडते.