कीटकांच्या पंखांतल्या शिरांना नावं देताना या चुका टाळा

पंखाचा फोटो हाती आला की नवशिका वरच्या कडेवर बोट ठेवतो आणि पाढे म्हटल्यासारखा सुटतो: कोस्टा, सबकोस्टा, रेडियस, मीडिया, क्युबिटस, अॅनल. मध्ये एखादी शीर झिजलेली किंवा शेजारणीत मिसळलेली निघाली की पुढची सगळी नावं एकेक घर सरकतात. मी तरी आधी उंचसखलपणा बघतो. पंख नालीदार पत्र्यासारखा असतो: कोस्टा उंचवट्यावर, सबकोस्टा खळगीत, रेडियसची पहिली शाखा पुन्हा उंच, तिची मागची शाखा म्हणजे रेडियल सेक्टर पुन्हा खोल.

हे मला पाठ होतं, तरी फसलो. एका पावसाळ्यात गच्चीवर मेलेला चतुर सापडला. घाईने पंख तोडला, काचपट्टीवर ठेवला आणि दोन रात्री बसून शाईने आकृती काढली. कडेमागची पहिली खळगी म्हणजे सबकोस्टा, असं धरून चाललो. तिच्या आधीची उंच शीर कोस्टाच समजलो. सगळी नावं लिहून झाल्यावर लक्षात आलं की माझी 'सबकोस्टा' नोडस (पुढच्या कडेच्या मध्याजवळचा सांधा) ओलांडून टोकाकडच्या गडद ठिपक्यापर्यंत निघाली आहे. चतुराची सबकोस्टा तर नोडसलाच संपते! पंख पालथा पडला होता, म्हणून उंचवटे खळग्या दिसत होते आणि खळग्या उंचवटे. खळगीतली ती बाई रेडियस होती. आकृती केराच्या टोपलीत गेली.

तेव्हापासून पंख धडाला असतानाच वरच्या बाजूचा फोटो काढतो, टॉर्च एका कुशीवरून तिरका धरून. सेलोटेपने पंख चिकटवून 'ही कुठली शीर?' विचारणाऱ्यांना मी उत्तर देत नाही. घड्या सपाट केल्यावर विचारायचं काय उरलं?

दुसरी खोड म्हणजे दोन पद्धतींची खिचडी. कॉमस्टॉक आणि नीडहॅम या कीटकशास्त्रज्ञांनी १८९८-९९ मध्ये वाढत्या पंखातल्या श्वासनलिकांवरून नावं बसवली. चतुरात रेडियल सेक्टर मीडियाचे फाटे ओलांडून मागे जाते, असं नीडहॅम मानत. पुढे कीटकशास्त्रज्ञ टिल्यर्ड यांनी ते सोडून दिलं, ती दुसरी पद्धत. म्हणून जुन्या आकृतीतली 'एम४' (मीडियाची चौथी शाखा) टिल्यर्डच्या वाटेने जाणाऱ्या, चतुरांचे अभ्यासक फ्रेझर यांच्या ग्रंथांत 'एमए' (पुढची मीडिया) होते. आकृती कुठल्या पद्धतीची, ते आधी बघा.

फळमाशीवाल्यांची 'एल३' (तिसरी लांब शीर) ही रेडियसची तिसरी शाखा नाही, ती आर४+५, म्हणजे रेडियसची चौथी-पाचवी शाखा एकत्र.

शिरांमधल्या खणाला नाव त्याच्या पुढच्या शिरेचं, मागच्या नाही. हे दर वर्षी सांगतो.