तान्ह्या बाळाला घेऊन परदेशी निघताना: एक हात मोकळा राहील अशी तयारी

माझं बाळ पाच महिन्यांचं असताना मी त्याला घेऊन एकटीच निघाले. दोन विमानं, मधला मुक्काम धरून एकोणीस तास. सगळं सामान आठवून आठवून भरलं होतं, काही म्हणजे काही राहिलं नव्हतं. पण पासपोर्ट दाखवायची वेळ आली तेव्हा कडेवर बाळ, एका खांद्यावर त्याची बॅग, दुसऱ्या खांद्यावर माझी, आणि पासपोर्ट काढायला हातच नाही. मागे उभ्या असलेल्या एका आजींनी न विचारता बॅग धरली. त्यानंतरच्या प्रत्येक प्रवासाची तयारी मी एकच प्रश्न धरून केली: बाळ अंगावर असताना हे काम मला एका हाताने करता येईल का? पुढची प्रत्येक पायरी त्याच हिशेबाने लिहिली आहे.

पायरी १: तिकिटाआधी डॉक्टर

निघण्याच्या निदान चार ते सहा आठवडे आधी बाळाच्या डॉक्टरांना भेटा. विमान कितीही उंचावर असलं तरी आतला हवेचा दाब साधारण १८०० ते २४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढा ठेवलेला असतो. निरोगी बाळाला तो सोसतो. पण बाळ दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल, नुकताच कान दुखून गेला असेल, तर निर्णय डॉक्टरांचाच. अगदी नवजात बाळाला बऱ्याच विमान कंपन्या घेत नाहीत किंवा डॉक्टरांचं पत्र मागतात. हातात निवड असेल तर पहिली लस होऊन जाऊ द्या, स्तनपानाची घडी बसू द्या, मग निघा.

लशींबद्दल एक गोष्ट पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. गोवराची लस एरवी ठरलेल्या वयात देतात, पण परदेशी जाणाऱ्या ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला एक डोस आधी देण्याचा सल्ला डॉक्टर देऊ शकतात. तो जादा डोस धरायचा. नेहमीचे डोस पुढे वेळच्या वेळी घ्यायचेच. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देत नाहीत आणि साधारणपणे नऊ महिन्यांनंतरच देतात. म्हणून त्या रोगाची साथ असलेल्या भागात जायचं असेल आणि बाळ लहान असेल, तर प्रवासच पुढे ढकला. इथे धोका पत्करू नये असं माझं ठाम मत आहे.

पायरी २: कागदपत्रं

बाळ एक दिवसाचं असो की एक वर्षाचं, त्याला स्वतःचा पासपोर्ट लागतो. व्हिसा लागत असेल तर तोही वेगळा. ज्या देशात फक्त विमान बदलायचं आहे, तिथला व्हिसा लागतो का हेही तपासा. फोटोची खटपट मोठी असते. पांढरी चादर अंथरून बाळाला उताणं निजवा, खिडकीचा उजेड चेहऱ्यावर येऊ द्या आणि वरून फोटो काढा. तुमचा हात किंवा सावली फोटोत नको. दूध पिऊन झाल्यावर बाळ प्रसन्न असतं, ती वेळ साधा.

आई किंवा वडील एकटेच बाळाला नेत असतील तर दुसऱ्याचं सहीशिक्क्याचं संमतीपत्र आणि बाळाचा जन्मदाखला जवळ ठेवा. कुणी विचारणारही नाही कदाचित, पण विचारलं तर त्या क्षणी दुसरा उपाय नसतो. प्रवास विम्यात बाळाचं नाव आहे ना, तेही वाचून घ्या. सगळे कागद एकाच गळ्यात अडकवायच्या पाकिटात ठेवा, म्हणजे ते काढायला एक हात पुरतो.

पायरी ३: तिकीट काढताना

प्रवासाचा निम्मा त्रास इथेच वाढतो किंवा कमी होतो, म्हणून इथे घाई करू नका.

दोन वर्षांच्या आतलं बाळ मांडीवर नेता येतं. त्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रवासात बऱ्याच कंपन्या मोठ्यांच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के आणि वर कर घेतात. एका मोठ्या माणसाच्या मांडीवर एकच बाळ. परतीच्या आधी बाळाचा दुसरा वाढदिवस येत असेल तर परतीला त्याची स्वतंत्र जागा लागते. मांडीवरचा प्रवास स्वस्त असला तरी सर्वांत सुरक्षित नाही. विमान जोरात हादरलं तर हातांची पकड पुरत नाही. पैशांची सोय होत असेल तर बाळासाठी वेगळी जागा घ्या आणि विमानात वापरायची परवानगी असलेली कार सीट तिथे बसवा. तसा शिक्का सीटवर असतो. सीटची रुंदी विमानाच्या खुर्चीत बसते का हे कंपनीला आधीच विचारा.

मांडीवर नेणार असाल तर तिकीट काढल्या काढल्या कंपनीला फोन करून बॅसिनेट, म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवायचा छोटा पाळणा, मागून घ्या. विमानात असे पाळणे मोजकेच असतात. त्यांना वजनाची आणि लांबीची मर्यादा असते, ती प्रत्येक कंपनीची वेगळी. आणि एक लक्षात ठेवा: सीटबेल्टचा दिवा लागला की झोपलेलं बाळही पाळण्यातून उचलून मांडीवर घ्यावं लागतं. त्या पहिल्या रांगेत पाय पसरायला जागा मिळते, पण समोर बॅग ठेवायला खुर्ची नसते. उड्डाण आणि उतरण्याच्या वेळी सगळं सामान वर जातं, शिवाय दोन खुर्च्यांमधले हात बहुधा उचलता येत नाहीत. तरीही सहा-सात महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी मी तीच रांग घेईन. रांगायला लागलेल्या बाळाला पाळणा आवडेलच असं नाही.

विमान बदलायचं असेल तर मधे किमान तीन तास ठेवा. दीड तासाची जोडणी कागदावर छान दिसते, पण त्यात बाळाला पाजायचं, बदलायचं, पुन्हा तपासणीतून जायचं आणि दुसऱ्या टोकाचं गेट गाठायचं असतं. सगळा प्रवास एकाच बुकिंगवर असू द्या, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची सोय करणं कंपनीचं काम राहतं.

पायरी ४: बॅग भरताना

दोन लहान बॅगांपेक्षा पाठीवरची एकच सॅक बरी, कारण ती हात अडवत नाही. बाळाला अंगाला बांधायच्या कॅरियरमध्ये पुढे घ्या आणि सॅक मागे.

सॅकच्या आत एक छोटी पिशवी वेगळी करा. तिच्यात एक डायपर, थोडे वाइप्स, अंथरायचं पातळ कापड, घाण ठेवायची प्लास्टिकची पिशवी. विमानाच्या शौचालयात जाताना तेवढीच उचलायची. तिथे अख्खी सॅक उघडायला जागा नसते. परत आल्यावर पिशवी लगेच पुन्हा भरून ठेवा.

डायपर नेहमी लागतात त्यापेक्षा एका दिवसाचे जास्त घ्या, कारण उशीर झाला तर मिळतीलच असं नाही. कपड्यांचे तीन-चार जोड करा, प्रत्येक जोड वेगळ्या झिपच्या पिशवीत: झबलं, पायजमा, मोजे एकत्र. भिजलेला जोड त्याच पिशवीत बंद करायचा. तुमच्यासाठीही एक सदरा हवाच. बाळाने दूध ओकलं तर ते तुमच्यावरच येतं, आणि त्या कपड्यात दहा तास काढणं फार जड जातं. विमानात गार असतं, पण जाड स्वेटरपेक्षा पातळ कपड्यांचे दोन-तीन थर आणि एक दुपटं बरं. दुपटं घरात वापरातलं, न धुतलेलं घ्या. अनोळखी जागी ओळखीचा वास बाळाला धीर देतो.

तापाचं औषध हातातल्या सामानात असू द्या, आणि बाळाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मध्यरात्री, थकलेल्या डोक्याने हिशेब करायची वेळ येऊ नये.

पायरी ५: दुधाची सोय

सहा महिन्यांपर्यंतचं बाळ फक्त अंगावर पीत असेल तर निम्मं सामान कमी झालं. त्याला वरचं पाणी देऊ नका, विमानाची हवा कोरडी असली तरी. अधूनमधून जास्त वेळा पाजा. पाणी तुम्ही प्या, भरपूर.

काढून ठेवलेलं दूध खोलीच्या तापमानाला चार तास आणि बर्फाच्या पॅकसह थंड पिशवीत चोवीस तासांपर्यंत टिकतं. पावडरचं दूध असेल तर प्रत्येक वेळची पावडर मोजून वेगळ्या कोरड्या डब्यांत भरा आणि पाजायच्या वेळीच कालवा. तयार केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवा, आणि बाळाने तोंड लावल्यावर एका तासानंतर उरलेलं टाकून द्या. वाटतं वाया गेलं, पण बाळाचं पोट बिघडण्यापेक्षा ते बरं.

हातातल्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव नेता येत नाही, हा नियम बऱ्याच विमानतळांवर असतो. बाळाच्या प्रवासापुरत्या दुधाला आणि खाऊला बहुतेक ठिकाणी त्यातून सूट मिळते. बाटल्या आधीच बाहेर काढून ठेवा आणि तपासणाऱ्याला स्वतःहून सांगा. क्ष-किरणांच्या यंत्रातून गेल्याने दूध खराब होत नाही.

पायरी ६: विमानतळावर

तपासणीत बाबागाडी घडी करून यंत्रातून जाते आणि बाळ कडेवर घ्यावं लागतं, म्हणून एका हाताने मिटणारी गाडीच घ्या. गाडी विमानाच्या दारापर्यंत नेता येते का, आणि विमान बदलताना मधल्या विमानतळावर ती परत मिळते का, हे काउंटरवर विचारा. कित्येकदा ती थेट शेवटच्या ठिकाणी मिळते, तेव्हा मधल्या चालण्यासाठी कॅरियर जवळ हवा.

लहान मुलं असलेल्यांना आधी आत सोडतात. दोघं असाल तर एकाने सामान घेऊन आधी जा आणि जागा लावा. दुसऱ्याने बाळाला बाहेर हातपाय हलवू द्या आणि अगदी शेवटी आत या. बाळाच्या दृष्टीने बंद विमानातली ती वाचलेली वीस-तीस मिनिटं मोलाची असतात.

पायरी ७: विमानात

कान का दुखतात? विमान उतरू लागतं तसा आतल्या हवेचा दाब वाढतो. मधल्या कानातला दाब घशाकडे उघडणाऱ्या बारीक नळीतून बरोबरीला येतो, आणि ती नळी गिळताना उघडते. आपण आवंढा गिळतो, बाळाला ते सांगता येत नाही. म्हणून उडताना आणि त्याहून जास्त उतरताना बाळाला पाजा किंवा चोखणी द्या. उतरणं साधारण अर्धा तास आधी सुरू होतं. विमान खाली येतंय अशी घोषणा झाली की तयार व्हा. बाळ शांत झोपलं असेल आणि नाक मोकळं असेल तर मी उठवत नाही. सर्दी असेल तर मात्र उठवून पाजते.

तुमचा स्वतःचा पट्टा बाळाभोवती कधीही बांधू नका. झटका बसला तर तुमचं सगळं वजन त्याच्यावर येतं. बाळासाठी कर्मचारी वेगळा पट्टा देत असतील तर तो वापरा, नसतील तर ते सांगतील तसं धरा.

बाळ मांडीवर असताना गरम चहा-कॉफी घेऊ नका. एक हादरा, आणि भाजतं. जेवण दोघांनी आळीपाळीने घ्या. एकटे असाल तर बाळ पाळण्यात झोपल्यावर आणून द्यायला सांगा, बहुतेक वेळा ऐकतात. मधल्या वाटेच्या बाजूला बाळाचं डोकं किंवा पाय येऊ देऊ नका. तिथून जड गाड्या जातात आणि वरच्या कप्प्यातून सामान पडू शकतं.

झोपेसाठी औषध देण्याचा सल्ला कुणी ना कुणी देतंच. देऊ नका. सर्दीच्या गुंगी आणणाऱ्या औषधांनी काही बाळं उलट जास्त चिडतात आणि लहान बाळाच्या श्वासावर परिणाम होऊ शकतो. त्यापेक्षा घरची झोपेची रीत तशीच ठेवा: कपडे बदला, पाजा, तेच अंगाईगीत हळू आवाजात म्हणा.

आणि बाळ रडेल. सगळं करूनही रडेल. आधी भूक, ओलं डायपर, गारठा किंवा उकाडा बघा, ढेकर काढा, मग उभं राहून वाटेत डुलवा. आजूबाजूला बघत प्रत्येकाची माफी मागत बसू नका. तुमचं लक्ष बाळाला हवं असतं, आणि तुम्ही ताणलेल्या असलात की ते त्यालाही जाणवतं.

पायरी ८: पोहोचल्यावर

शरीराचं घड्याळ नव्या वेळेशी दिवसाला साधारण एका तासाने जुळतं, आणि पूर्वेकडे गेल्यावर जास्त वेळ घेतं. तीन-चार महिन्यांच्या आतल्या बाळाला अजून दिवस-रात्र पक्की नसते, त्याला फरक कमी जाणवतो. मोठ्या बाळाला सकाळी बाहेरच्या उजेडात न्या. रात्री पाजताना दिवा मंद ठेवा आणि खेळू नका. पहिले तीन दिवस पाहुणे आणि फिरणं टाळा.

झोप मात्र पहिल्या रात्रीपासून नीट हवी: सपाट, टणक गादी, बाळ उताणं, भोवती उशा किंवा सैल पांघरुणं नकोत. कार सीटमध्ये झोपलेलं बाळ घरी पोचल्यावर तसंच ठेवू नका, उचलून सपाट निजवा. डास असतील तर मच्छरदाणी हाच पहिला उपाय. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला डास पळवणारी मलमं लावत नाहीत. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला उन्हात सावलीतच ठेवा.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. त्यासाठी जवळचा दवाखाना निघण्याआधीच शोधून पत्ता कागदावर लिहून ठेवा.

मुक्काम लांबला असेल तर परतीच्या आठवडाभर आधी बाळाचं वजन करा. येताना ज्या पाळण्यात ते मावलं, त्याच्या मर्यादेपलीकडे ते गेलं असेल, तर जागा बदलून घ्यायला तेव्हा अजून वेळ असतो.